काळ्या पाण्यावर गेलेले आमचे खापरपणजोबा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घेतलेली घरातली दोन नावे छापताना गाळली आहेत. कारण पुढे आलेच आहे.)



समितीच्या पोरांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरातल्या एका गुन्हेगारावर बोलतो. पोरं हसली. काका थट्टा करतायत असं त्यांना वाटलं. पण मी थट्टा करत नव्हतो. माझे खापरपणजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे आजोबा, हे सरकारी कागदाप्रमाणे दरोडेखोर होते आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. हे शोधून काढायला मला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांची हकिकत सांगायला मी उभा आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी गिरणी कामगार. १९८८ साली वडिलांच्या ओळखीने बदलीत लागलो. रिंग खात्यात तुटलेले धागे सांधत पंधरा वर्षं काढली, मग गिरणीला टाळं लागलं. त्यानंतर वॉचमनकी केली, अजून करतो आहे. पण कुणी 'काय करता?' असं विचारलं की तोंडातून 'गिरणी कामगार' हेच येतं. शाळा नववीपर्यंत. बाकी जे वाचलं ते रात्रपाळीच्या टेबलावर. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. चुकलं तर नंतर चहाच्या वेळी सांगा.

ही गोष्ट सुरू झाली जात पडताळणीपासून. आपल्यापैकी ज्यांची मुलं शिकतात त्यांना हा शब्द चांगला ठाऊक आहे. २०१३ साली माझ्या मुलीच्या प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र पाहिजे होतं. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. आमचे आजोबा शाळेत गेलेले नाहीत, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. मग गावी जाऊन वतनाचे जुने कागद शोधले. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. महार वतन १९५८ च्या कायद्याने खालसा झालं ते बरंच झालं, त्या वतनाने आपल्या माणसांचं काय केलं ते बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे. पण त्याच वतनाच्या हिश्श्यांसाठी लिहिलेल्या वंशावळीमुळे आज आपल्याला आपल्या पूर्वजांची नावं सापडतात, हाही एक चमत्कारिक प्रकार आहे.

त्या उताऱ्यात आजोबांचं नाव मिळालं, पणजोबांचं मिळालं, आणि पणजोबांच्या वर त्यांच्या वडिलांचं. या शेवटच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता. परागंदा.

प्रमाणपत्राचं काम झालं. मुलगी शिकायला गेली. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. वडील तेव्हा हयात होते. त्यांना विचारलं, 'आबा, तुमचे पणजोबा परागंदा म्हणजे कुठं गेले?' त्यांनी पान खाल्लं, चुना लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'परागंदा नव्हं. टापूवर धाडलं हुतं.' मी विचारलं, 'कशापायी?' तर म्हणाले, 'आता ते कशाला उकरतूस? पोरीचं लगीन व्हायचंय.'

मित्रहो, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या शिक्षेने आजच्या मुलीच्या लग्नात विघ्न येईल अशी भीती आमच्या शिकल्या-सवरल्या घरात होती, अजून आहे. म्हणून घरच्या थोरांनी एक अट घातली की, काय बोलायचं ते बोल, पण छापताना नाव नको. खापरपणजोबांचं नको आणि खापरपणजीचंही नको, कारण एकावरून दुसरं ओळखू येतं. मला ही अट पटलेली नाही. पण घरात राहायचं तर घराचंही थोडं ऐकावं लागतं.

आता माझ्या मनाचीही एक लबाडी सांगतो. 'टापू' म्हटल्याबरोबर माझी छाती फुगली. काळे पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? अंदमानचा तो सेल्युलर जेल, साखळदंड, क्रांतिकारक. मला वाटलं, आमचा माणूसही इंग्रजांविरुद्ध उठला असणार. मी रात्रपाळीला बसून मनातल्या मनात त्याचा पुतळासुद्धा उभारला!

मग हळूहळू वाचू लागलो तसा एकेक भ्रम गळून पडला. पहिली गोष्ट म्हणजे तो जेल. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला पुरं झालं. अंदमानात कैदी पाठवायला सुरुवात झाली मार्च १८५८ मध्ये. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं तो जेल नसतानाच तिथं हजारो माणसं नेली गेली. ती रॉस, व्हायपर, चॅथम अशा बेटांवर आणि किनाऱ्याच्या बराकींत राहत, जंगल तोडत, दलदल भरत, रस्ते बांधत. तापाने आणि हगवणीने किती मेली त्याला गणती नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिथं गेलेले राजकीय कैदी फार थोडे. १८५७ च्या बंडातले पहिल्या वर्षांत गेले, क्रांतिकारक १९०९ नंतर. मधल्या काळात गेले ते साध्या खुनाचे, दरोड्याचे कैदी. त्या जेलमधल्या फलकांवर क्रांतिकारकांची नावं आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण ज्यांनी ती बेटं साफ केली, ते घाट आणि रस्ते बांधले, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

कुणाच्या घरात याहून जुनी आठवण असेल तर तीही सांगून ठेवतो. १८५८ च्या आधी अंदमान नव्हतं, पण काळे पाणी होतं. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला, पेनांगला, मलाक्काला, सिंगापूरला पाठवत. मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबईकडून सुमारे दीड हजार कैदी गेले. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा डार्विन १८३६ साली त्या बेटावर उतरला तेव्हा त्याने हे रस्त्यावर राबणारे हिंदी कैदी पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज हे मोठं चर्च आहे, तेही हिंदी कैद्यांनी बांधलं. तेव्हा कुणाची आजी 'आमचा एक म्हातारा सिंगापुरात मेला' म्हणत असेल तर तिला वेड्यात काढू नका.

माझ्या शोधाला मुंबईतलाच पत्ता मिळाला. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी इमारतीत राज्य सरकारचा पुराभिलेख विभाग होता, तिथं मी जाऊ लागलो. एका प्राध्यापकांनी ओळखीचं पत्र दिलं. रात्रपाळी संपवून सकाळी लोकलने चर्चगेटला उतरायचं, भज्याची गाडी टाळून सरळ तिथं जायचं, कारण तेलकट हाताने कागदाला शिवता येत नाही. पेन चालत नाही, पेन्सिल पाहिजे. पहिल्या दिवशी मी वॉचमनच्या गणवेशातच गेलो होतो. तिथल्या माणसाला वाटलं मी कुणाचा तरी निरोप घेऊन आलोय! पण मी वाचायला आलोय म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली, पंखा लावला. दीड-दोन वर्षं मी तिथं जात होतो, मला कुणी हटकलं नाही.

न्याय खात्याचे खंड एवढे जाड असतात की मांडीवर घेता येत नाहीत. सगळं हाताने लिहिलेलं, तिरक्या इंग्रजीत. छापील इंग्रजी मी कसंबसं वाचतो, पण ते लिखाण म्हणजे मुंग्यांची रांग. पहिले तीन महिने मला फक्त तारखा कळत होत्या. मग एकेक अक्षर वहीत उतरवून घरी आणायचो आणि मुलगी लावून द्यायची.

नाव शोधायचं म्हणजे काय संकट आहे ते सांगतो. त्या काळात आपल्याला आडनाव नाही. 'अमुकनाक बिन तमुकनाक' एवढंच. बिन म्हणजे त्याचा मुलगा. हा 'नाक' शब्द मात्र आपल्या फार उपयोगी पडतो. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं तुम्ही वाचलीत, त्यांतल्या कितीतरी नावांच्या शेवटी हा 'नाक' आहे. त्यावरून ती माणसं आपली हे ओळखता येतं. कैद्यांच्या यादीतही तसंच. पण साहेबाचा कारकून ऐकू येईल तसं लिहायचा. एकच नाव चार पानांवर चार तऱ्हेने. गावाचं नाव तर ओळखूच येत नाही. जातीच्या रकान्यात कुठे महार, कुठे म्हार, कुठे परवारी, कुठे धेड. माणसाची उंची किती, अंगावर खूण काय, देवीचे व्रण आहेत का, हे सगळं लिहिलेलं. त्याचं घर कुठं, त्याच्यामागे कोण, याचा पत्ता नाही. पळाला तर धरून आणता यावा एवढ्यापुरतीच त्या कागदाला माणसाची ओळख हवी होती.

आणि मग माझ्या हाताला एक सोडून दोन खापरपणजोबा लागले.

एकाच नावाचे, बापाचंही नाव तेच, जिल्हा तोच. एकाला १८७१ साली खुनाबद्दल, कलम ३०२ खाली, जन्मठेप. दुसऱ्याला १८७७ साली दरोड्याबद्दल, कलम ३९५ खाली, जन्मठेप. गावाचं नाव दोन्हीकडे असं लिहिलेलं की ते आमचंही असू शकेल आणि शेजारच्या तालुक्यातलंही. आठवडाभर मला झोप लागली नाही. म्हणजे वॉचमनला झोप लागत नाही हे चांगलंच, पण दिवसाही लागली नाही. धाकटा भाऊ म्हणाला, 'दादा, दरोड्याचा घे. खुनाचा नको.' मी म्हटलं, अरे, ही काय बाजारातली भाजी आहे, चांगली बघून घ्यायला?

निकाल लागला तो आत्यामुळे. माझी आत्या वडिलांपेक्षा मोठी. तिने माझ्या पणजोबांना, म्हणजे या कैद्याच्या मुलाला, डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यांच्या मांडीवर खेळलेली आहे. ती म्हणाली, 'म्हातारा सांगायचा, शिपाई आलं तवा मी आईच्या पोटात हुतो. मोठ्या दुकळात जलमलोय मी.' मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ ते १८७८ चा. मग १८७१ चा माणूस आमचा असू शकत नाही. पण तोंडी आठवणीवर मला विसंबायचं नव्हतं. मी १८७८ चे खंड मागवले. आणि त्यांतल्या एकात दयेचा अर्ज सापडला.

अर्ज त्या कैद्याच्या बायकोचा होता. वर इंग्रजी भाषांतर आणि खाली मूळ मोडीतला कागद. मोडी वाचणारे एक गृहस्थ गिरगावात राहत, त्यांनी एक पैसा न घेता वाचून दिला. त्यात तिने म्हटलं होतं की घरात दुसरा बाप्या माणूस नाही, सासू आंधळी आहे, आणि नवरा धरून नेल्यावर झालेलं पोर कडेवर आहे. शेवटी तिचं नाव. आणि नावापुढे एक छोटं गोल वर्तुळ. मुलीला वाटलं पूज्य आहे. त्या गृहस्थांनी सांगितलं, पूज्य नव्हे, ही बांगडी. पूर्वी लिहिता न येणाऱ्या बायका सहीच्या जागी बांगडीची निशाणी करत.

मित्रहो, आमच्या वंशावळीत बाईचं एकही नाव नाही. सगळे बाप आणि मुलगे. मी गेलो होतो पुरुषाला शोधायला, आणि सापडली ती ही बाई. आंधळी सासू आणि तान्हं पोर घरात असताना तिने सरकारकडे दाद मागितली. कागद तालुक्याहून मुंबईपर्यंत आला. अर्जाच्या कडेला साहेबाचा शेरा एका ओळीचा आहे. नामंजूर.

आता गुन्ह्याबद्दल. हा भाग सांगायला जड जातो, पण तो टाळून पुढे जाता येणार नाही.

१८७६ चा पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, कलादगी, सगळीकडे हाहाकार झाला. त्या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांवर माणसं मेली असा अंदाज आहे. सरकारने दुष्काळी कामं काढली. माढा तालुक्यातलं आष्टीचं तळं त्यातलंच, दौंड-मनमाड रेल्वेचा भरावही त्याच काळातला. गावोगावची माणसं तिथं माती वाहायला गेली. मग सर रिचर्ड टेंपल नावाचा मोठा अंमलदार पाहणीला आला, पुढे तोच मुंबईचा गव्हर्नर झाला. खर्च फार होतो म्हणून त्याने मजुरी कापली. दिवसभर माती वाहणाऱ्या गड्याला साधारण एक रत्तल धान्य आणि वर आणा-अर्धा आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली. आणि १८७७ च्या सुरुवातीला त्या कामांवरच्या हजारो मजुरांनी काम टाकलं. आपण १९८२ चा गिरणी संप सोसलेला आहे, माझे वडील त्यात होते, मी पोरगा होतो, घरात काय शिजत होतं ते मला आठवतं. पण हाडांचे सापळे झालेल्या माणसांनी दुष्काळी कामावर संप केला होता हे मला पुराभिलेखातल्या त्या टेबलावर बसेपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

आता कायदा बघा. भारतीय दंड विधान १८६० चं, ते १८६२ पासून लागू झालं. त्यात कलम ३९१ असं सांगतं की पाच किंवा जास्त माणसांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. आणि ३९५ प्रमाणे दरोड्याला जन्मठेप काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे चार उपाशी माणसांनी धमकावून ज्वारी नेली तर एक गुन्हा, आणि पाचव्याने पोतं धरलं तर समुद्रापार. 'काळे पाणी' हा शब्द कायद्यातून निघून त्या जागी नुसती जन्मठेप आली ती १९५५ च्या दुरुस्तीने. दंड विधानच १ जुलै २०२४ पासून गेलं आणि नवीन न्याय संहिता आली, पण पाच माणसांचा नियम तसाच आहे.

आमच्या प्रकरणात सहा जण होते. चार महारवाड्यातले. रात्री त्यांनी एक पेव उघडलं. तरुणांनी पेव पाहिलेलं नसेल. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा करून त्यात धान्य साठवत आणि वरून लिंपून टाकत. त्यातली ज्वारी काढली. मालक जागा झाला. त्याला मारहाण झाली, हात मोडला. चौघांना दहा-दहा वर्षं. दोघांना जन्मठेप, त्यातले एक आमचे, कारण म्होरक्या ते असं साक्षीदारांनी सांगितलं.

इथपर्यंत मी घरी वाचून दाखवलं तेव्हा सगळे खूश. भाऊ म्हणाला, 'सावकाराचं पेव फोडलं, शाबास!' मी म्हटलं, थांब. पुढे वाच. पेव सावकाराचं नव्हतं. ते एका कुंभाराचं होतं. आमच्यासारखाच गरीब. त्याच्या घरात त्या दुष्काळात जेवढं शिल्लक होतं तेवढं त्या खड्ड्यात होतं, बियाण्यासकट.

घरात मोठा वाद झाला. एक चुलते म्हणाले, 'दीडशे वर्षांनी कोण तपासायला येतंय? सावकार लिही.' आणखी कुणी म्हणालं, साक्षीदार खोटे असतील, गावाने महारावर घातलं असेल. हे अगदीच अशक्य नाही. गावात चोरी झाली की पहिली चौकशी महारवाड्यात आणि मांगवाड्यात व्हायची, हे आपण सगळे जाणतो. मीही कागद पुन्हा पुन्हा उलटसुलट वाचले. पण त्या बाईने आपल्या अर्जात नवऱ्याने काही केलंच नाही असं म्हटलेलं नाही. तिने म्हटलं आहे की घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. तिने जे लपवलं नाही ते मी लपवणार नाही.

गावी गेलो तेव्हा त्या कुंभाराच्या घरी गेलो. त्यांचे वंशज आहेत. आता चाक नाही, वीटभट्टी आहे. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. पेव होतं ती जागा मात्र त्यांना माहीत होती, पावसाळ्यात तिथली जमीन खचते म्हणून. मी काय सांगणार? चहा घेतला आणि हकिकत सांगून टाकली. घरातला म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, 'आमच्या म्हाताऱ्याचा हात मोडला हुता व्हय? आमाला म्हाईतच न्हाय.' आणि मला घरच्या शेंगा बांधून दिल्या. मी त्या घेतल्या. घ्यायला नको होत्या की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

शिक्षा झाल्यावर पुढचा प्रवास कसा झाला ते थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यातले असे कैदी ठाण्याच्या तुरुंगात आणून ठेवत. खाडीजवळचा तो जुना पोर्तुगीज किल्ला, आपण लोकलमधून कितीदा त्याच्या जवळून जातो. पुढे १९११ साली सावरकरांनाही अंदमानात नेण्याआधी तिथेच ठेवलं होतं. आणि मग जहाज. इंग्रज अधिकाऱ्यांची समजूत अशी की हिंदू माणसाला समुद्र ओलांडला की जात बुडण्याची भीती, म्हणून ही शिक्षा फाशीपेक्षाही धाक घालणारी. मला हे वाचून हसू आलं. ज्याला गावाच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता त्याची जात समुद्राने काय बुडवायची? त्याचा धाक वेगळा होता. त्याला मागे राहिलेल्या पोटुशी बायकोचा धाक होता.

अंदमानात प्रत्येक कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. पहिली काही वर्षं बराकीत राहून सक्तीचं काम. वागणूक बरी असली तर दहाएक वर्षांनी परवाना मिळे. मग स्वतःची झोपडी बांधावी, जमीन कसावी, गुरं पाळावीत. असा कैदी तिथल्या कैदी बाईशी लग्न करू शके किंवा देशातून बायका-मुलांना बोलावू शके. जन्मठेपवाल्याला वीस-पंचवीस वर्षांनी सुटका मिळण्याची आशा असे.

हा दहा वर्षांचा नियम वाचला आणि आत्याची दुसरी एक गोष्ट एकदम जागेवर बसली. ती सांगायची की टापूवरून एकदा कागद आला होता. पणजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, गुरांमागे जायचे. म्हणजे १८८७-८८ चा सुमार. बरोबर दहा वर्षं! महारवाड्यात वाचणारं कुणी नाही. खापरपणजी तो कागद घेऊन कुलकर्ण्याच्या वाड्यापुढे गेली. तिने कागद जमिनीवर ठेवला आणि ती मागे सरली. मग त्याने तो उचलला, वाचला आणि वरूनच सांगितलं, 'बोलावतोय तुला. जमीन मिळालीय म्हणतो.' एवढंच. कागदात आणखी काय होतं ते त्याने वाचलं नाही की तिला सांगितलं नाही, देव जाणे. पण 'देव जाणे' म्हणायची आपल्याला आता सवय राहिलेली नाही, तेव्हा कुलकर्णी जाणे!

ती गेली नाही. आंधळी सासू जिवंत होती. पोर होतं. आपल्यात पाट लावायची रीत होती, दुसरं घर करता आलं असतं, तेही तिने केलं नाही. आत्या सांगते, मरेपर्यंत कपाळाला कुंकू होतं. नवरा मेल्याची खबरच आली नाही तर पुसायचं कधी?

तिथं त्यांचं पुढे काय झालं ते अजून माझ्या हाती आलेलं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याची पोर्ट ब्लेअरची कागदपत्रं आहेत, त्यांतली काही आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात, नातू मोबाइलवर दाखवतो. अंदमानातलं दफ्तर मात्र बरंच गेलं असं सांगतात, कारण १९४२ ते १९४५ ही बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. गावांची नावं बदलली आहेत. रॉस बेटाला २०१८ पासून नेताजींचं नाव आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. जुन्या कागदात जुनंच नाव शोधायला लागतं.

कैद्यांची ही वसाहत १९४५ साली मोडली. पण सुटून परत न आलेल्या कैद्यांची मुलं-नातवंडं तिथेच राहिली. त्यांना तिथं 'लोकल बॉर्न' म्हणतात. बाप एका मुलखातला, आई दुसऱ्या, बोली हिंदुस्थानी. त्यांच्यात जातीचा पीळ फार सैल झाला, धर्माधर्मांतही लग्नं झाली. सरकार जनगणनेत त्यांची जात लिहीत राहिलं, आणि माणसं एकमेकांच्या ताटात जेवत राहिली. आमच्या खापरपणजोबांनी तिथं दुसरं घर केलं असेल तर आमचे भाऊबंद तिथं असतील. मला त्याचा राग येत नाही. त्यांनी आधी बोलावलं होतं.

गेल्या दिवाळीत मी अर्जाची झेरॉक्स घेऊन आत्याकडे गेलो. आत्या नव्वदीला आली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. मी मोडीवरून उतरवलेला मजकूर तिला सगळा वाचून दाखवला. कुंभाराचा भागही सांगितला. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'अर्ज लिवणाऱ्याला पैसं कुठनं दिलं आसतील रं तिनं?' मी म्हटलं, ते कागदात नाही. तिने झेरॉक्स मागितली. आत्याला लिहिता-वाचता येत नाही, पेन्शनच्या कागदावर अंगठा करते. मी तिचं बोट धरून त्या वर्तुळावर ठेवलं आणि सांगितलं, ही तिची बांगडी.

आत्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

'एवढी बारीक?' ती म्हणाली. 'मंग हात लईच वाळला आसंल तिचा.'